‘सुगरण’ कोणाला म्हणायचं? एका प्रमाणपत्राचं प्रकरण

प्रमाणपत्रं आधीच छापून आली होती. वर गणपती, मधे सोनेरी अक्षरात ‘सुगरण’, त्याखाली ‘सौ./श्रीमती’ आणि पुढे ठिपक्यांची रेघ. आणि पहिला नंबर आला होता दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. मागच्या गणपतीतली गोष्ट. एका शब्दावरून माणसं एवढी मनापासून भांडताना मी पहिल्यांदाच बघितली, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी पाककला स्पर्धा असते, तिचं नावच ‘सुगरण स्पर्धा’. त्या वर्षी विषय होता ‘उरल्यासुरल्यातून’, म्हणजे आदल्या दिवशीचं उरलेलं किंवा आपण एरवी टाकून देतो ते वापरून पदार्थ करायचा. ताटांना फक्त नंबर, परीक्षक दोघीजणी बाहेरून बोलावलेल्या, त्यांना कोणाचं ताट कुठलं ते माहीत नाही. काकांच्या ताटात तीन गोष्टी होत्या, उरलेल्या भाताची थालीपीठं, आंबट झालेल्या ताकाची कढी आणि दोडक्याच्या शिरांची चटणी. चटणीवरच नंबर काढला असं परीक्षकांनी नंतर सांगितलं. मी काकांना विचारलं कशी केली, तर ते म्हणाले शिरा काढतानाच थोडा गर त्यांच्याबरोबर येऊ द्यायचा, मग थेंबभर तेलावर अगदी मंद आचेवर परतत बसायचं, घाई करायची नाही, तीळ वेगळे भाजायचे, सुकं खोबरं वेगळं भाजायचं, आणि मीठ सगळ्यात शेवटी, कारण आधी मीठ घातलं की शिरांना पाणी सुटतं आणि त्या कुरकुरीत व्हायच्या ऐवजी चिवट होतात. हे सगळं त्यांना सहा वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. तेव्हा काकूंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तोवर फक्त चहा करता येणाऱ्या या माणसानं काकूंनी खुर्चीत बसून सांगायचं आणि आपण करायचं असं करत करत अख्खं घर हातात घेतलं.

त्यामुळे नंबराबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार शब्दाची होती. बक्षीस समारंभाच्या चार दिवस आधी मंडपात मागे खुर्च्या टाकून बैठक झाली. सेक्रेटरींचं म्हणणं, ‘सौ./श्रीमती’ खोडून वर ‘श्री.’ लिहा आणि विषय संपवा. त्यावर कोणीतरी म्हणालं की अहो ‘श्री. अमुक, सुगरण’ हे वाचून लोक हसतील, बिचाऱ्या काकांची थट्टा होईल. एक काकू मात्र वेगळंच बोलल्या आणि त्यांचा आवाज चढला होता. त्या म्हणाल्या, “आयुष्यभर राबून आम्हाला कौतुकाचा एक शब्द मिळाला, तोही आता पुरुषांना द्यायचा का?” लगेच तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी उठली, म्हणाली उलट हा शब्दच नको, हा शब्द म्हणजे बाईला ओट्याशी बांधून ठेवायची गोड दोरी आहे, स्पर्धेचंच नाव बदला. मला दोघींचंही पटत होतं आणि दोघींमध्ये काय बोलावं ते कळत नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं कारण मी प्रूफं तपासायचं काम करते. “तूच सांग, सुगरणचं पुल्लिंग काय?”

मी म्हणलं दोन दिवस द्या.

आधी शब्दाची फोड बघू. सुगरण म्हणजे सु + गृहिणी. संस्कृतातल्या गृह वरून प्राकृतात घर आलं, गृहिणीची घरिणी झाली, आणि सुघरिणी, सुगरीण, सुगरण असा तो घासत घासत आपल्यापर्यंत आला. आता यात घ चा ग कसा झाला? तर मराठीला अशी सवय आहेच, श्वासाचा जोर काढून टाकायची. हिंदीत हाथ, आपल्याकडे हात. हिंदीत भीख, आपल्याकडे भीक. आणि अगदी जवळचं उदाहरण हवं तर संक्रांतीचं सुगड घ्या, ते मुळात सुघट, म्हणजे चांगला घडा, तिथेही सु पुढच्या घ चा असाच ग झालाय. हे सापडलं तेव्हा मला खूप आनंद झाला, वर्षानुवर्षं आपण सुगडं पुजतो आणि सुगरण म्हणतो पण दोन्हीत एकच गोष्ट घडलीय हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणजे शब्दात स्वयंपाक कुठेच नाही. घर आहे. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं आणि मग मी त्याच वाटेनं मागे मागे जात राहिले.

गृहिणी म्हणजे पूर्वी नक्की काय समजायचे? शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्व शकुंतलेला सासरी पाठवताना उपदेश करतात, त्याच्या शेवटी म्हणतात की अशा वागणाऱ्या मुली ‘गृहिणीपदा’ला पोचतात. पद हा शब्द बघा, म्हणजे ते एक स्थान होतं, मिळवायचं होतं. आणि त्या उपदेशात काय आहे तर वडीलधाऱ्यांची सेवा कर, सवतींशी मैत्रिणीसारखी वाग, नवऱ्यानं दुखावलं तरी रागानं उलटू नकोस, नोकरचाकरांशी उदार राहा, वैभवात माजू नकोस. स्वयंपाकाचं नावही नाही. पण म्हणून हे फार छान होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, नवऱ्यानं अपमान केला तरी गप्प राहा हे आजच्या मुलीला कोण सांगेल आणि का सांगावं. मुद्दा एवढाच की त्या काळी ‘चांगली गृहिणी’ या शब्दात चव नव्हती.

कामसूत्राबद्दल लोकांच्या डोक्यात वेगळंच काही असतं, पण त्यात भार्येच्या कामांवर एक अख्खं अधिकरण, म्हणजे एक विभाग आहे आणि तिथे स्पष्ट सांगितलंय की घराच्या वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब करून बाईनं त्याप्रमाणे खर्च करावा. वार्षिक बजेट! शिवाय नोकरांचे पगार, सूत कातून घेणं, उरलेल्या दुधाचं तूप करणं, योग्य वेळी बी-बियाणं जमवून पेरणं, सगळं तिच्याकडे. मी हे वाचलं आणि आमच्या आजीचं कपाट आठवलं, त्यात डाळींच्या डब्यांमागे एक लांबट वही असायची.

मग स्वयंपाकघर कुठेच नव्हतं का? होतं की. गाथासप्तशती, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला आपल्या महाराष्ट्री प्राकृतातला जुना संग्रह, त्याच्या अगदी सुरुवातीलाच एक गाथा आहे. स्वयंपाकात गुंतलेली घरिणी काजळी लागलेला हात चुकून तोंडाला लावते, गालावर डाग पडतो, आणि चंद्रावरच्या डागासारखा तो डाग बघून नवरा हसतो. हाच तो घरिणी शब्द, सुगरणच्या पोटातला. म्हणजे स्वयंपाक त्या बाईच्या दिवसात नक्की होता, पण शब्दाचा तो सगळा अर्थ नव्हता, तिच्या अनेक कामांपैकी एक काम होतं.

मराठीतही बराच काळ तसंच असणार, कारण आपले वाक्प्रचारच ते सांगतात. कोंड्याचा मांडा करणं. निगुतीनं संसार करणं. नेटकं ठेवणं. कोंड्याचा मांडा म्हणजे काही चमचमीत रेसिपी नव्हे, धान्याचा कोंडाच हाती असताना त्याचा मांड्यासारखा नाजूक पदार्थ करून पानावर वाढायचा, म्हणजे नसलेलं असल्यासारखं दिसू द्यायचं. जुन्या बायका एखादीला सुगरण म्हणायच्या तेव्हा त्यात पाहुणा अवेळी आला तरी पान रिकामं राहत नाही, साठवणीला कीड लागत नाही, लुगड्याची गोधडी होते आणि गोधडी फाटली की पायपुसणं होतं, हे सगळं यायचं. आता सुगरण म्हणजे जिच्या हाताला चव आहे ती, बस. पुरणपोळी छान झाली की सुगरण. शब्द अख्ख्या घरातून आक्रसत आक्रसत ओट्यापाशी येऊन थांबलाय.

आणि इथे मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगते. सुगृहिणीच्या शेजारी ‘सद्गृहस्थ’ ठेवून बघा. दोन्हीकडे ‘चांगला’ सांगणारा उपसर्ग, दोन्हीकडे तेच गृह. पण सद्गृहस्थ म्हणल्यावर डोळ्यासमोर काय येतं? सरळ वागणारा, शब्दाला जागणारा, चारचौघात मान असलेला माणूस. त्याला घरात साधा पाण्याचा ग्लास तरी भरून घेता येतो का असं कोणी विचारत नाही. नुसता गृहस्थ तर आता घराशीही संबंध ठेवून नाही, ‘समोरून एक गृहस्थ आले’ म्हणजे फक्त एक पुरुष आला. एकाच घरातून निघालेले दोन शब्द, पुरुषाचा चौकात जाऊन स्वभावाचं कौतुक झाला आणि बाईचा स्वयंपाकघरात जाऊन कामाचं कौतुक झाला. कॉलेजातली ती मुलगी दोरी म्हणाली ना, ती दोरी शब्दाच्या मुळात नाहीये, ती नंतर बांधली गेलीय.

आता पक्ष्याकडे येते, कारण बैठकीत कोणीतरी म्हणालंच होतं की सुगरण हा शब्द पक्ष्यावरून आला. तसं नाही. पण पक्ष्याची गोष्ट याच प्रकरणात फार कामाला आली.

पंचतंत्रात पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला घरटं बांधायचा शहाणपणा शिकवणारी आणि त्यापायी स्वतःचं घरटं गमावणारी पक्षीण आहे, तिला त्या श्लोकात ‘सुगृही’ म्हणलंय, चांगलं घर असलेली, आणि माकडानं तिला ‘निर्गृही’ केलं असा शब्दांचा खेळ आहे. गुजरातीत या पक्ष्याला आजही सुघरी म्हणतात, तिथे घ तसाच राहिला. आपल्याकडे तो सुगरण झाला, स्त्रीलिंगीच राहिला, आणि बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेमुळे तर प्रत्येक मराठी मुलाच्या मनात ती पिलांसाठी घर विणणारी आईच आहे.

पण खोपा बांधतो नर! पक्षितज्ज्ञ सलीम अली १९३० च्या सुमाराला अलिबागजवळ किहीमला राहत होते, तिथे त्यांनी या पक्ष्यांचं निरीक्षण करून त्यांचं सगळं घरगुती गणित मांडलं. पावसाळ्यात नराच्या डोक्यावर पिवळाधमक रंग चढतो, तो गवताच्या, भाताच्या पात्यांच्या लांब पट्ट्या चोचीनं चिरून आणतो, शिंदीच्या नाहीतर बाभळीच्या टोकाला, शक्यतो पाण्यावर, खोपा लोंबता विणायला घेतो. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत खेपा. अर्धा झाला की थांबतो, तेव्हा तो हेल्मेटसारखा दिसतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात, ओढून बघतात. एखादीला पसंत पडला तर पुढचं बोगद्यासारखं तोंड विणून खोपा पूर्ण करायचा, नाहीतर तो तसाच सोडून द्यायचा. म्हणजे विणणारा तो, पारखणारी ती. (हा नर एकीचं घर झालं की दुसरीसाठी दुसरं बांधायला घेतो हेही सलीम अलींनीच दाखवलं, त्यामुळे त्याला आदर्श नवरा वगैरे करायची गरज नाही.) तरी शेकडो वर्षं आपण त्या पिवळ्या डोक्याच्या विणकरालाच बघत सुगरण म्हणत आलो. कारण काम घराचं दिसलं, घर म्हणजे बाई, त्यामुळे करणारा कोण हे बघायची गरजच कोणाला वाटली नाही.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. मग पर्याय निघाले. ‘बल्लव’ सुचवला सेक्रेटरींनी, विराटाच्या मुदपाकखान्यात भीमानं घेतलेलं नाव. कोणी नलपाकाची आठवण काढली. मला दोन्ही नको वाटले, कारण बघा ना, पुरुषानं स्वयंपाक केला की त्याला लगेच भीम आणि नळ राजा आठवतात, तो पराक्रम होतो, आणि काकांनी सहा वर्षं केलं ते पराक्रम नव्हतं, ते रोजचं होतं, दोडक्याच्या शिरा फेकायच्या नाहीत एवढं रोजचं. ‘आचारी’ हा धंदा झाला. ‘पाकनिपुण’ कोणी आयुष्यात बोलत नाही. सुगरीणच्या शेवटची ‘ईण’ काढून ‘सुगर’ करू असं एक मुलगा म्हणाला, वाघीण-वाघ तसं, तर सगळे डायबेटिसवर बोलायला लागले. आणि व्याकरणानं बघायला गेलं तर एक शब्द खरंच तयार होता, गृहिणीचं संस्कृतातलं पुल्लिंग गृही, म्हणून सुगृहिणीचं सुगृही. अगदी नियमात बसणारा. पण तो प्रमाणपत्रावर छापला की प्रत्येकाला अर्थ समजावून सांगत बसायला लागेल, आणि कौतुकाचा शब्द समजावून सांगायला लागला की त्यातलं कौतुक जातं.

माझं मत मी तेव्हाच दिलं. ‘ती सुगरण आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा तो शब्द हुशार, प्रेमळ यांच्यासारखा विशेषण म्हणून बसलेला असतो, आणि अशी विशेषणं मराठीत लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. ती हुशार, तो हुशार. मग ती सुगरण, तो सुगरण. कानाला खटकतं, मान्य, शेवटचा ‘ण’ बाईचाच ऐकू येतो, पण व्याकरण आड येत नाही, आड येते ती सवय.

त्या चिडलेल्या काकूंचा प्रश्न मात्र तसाच होता आणि तो व्याकरणाचा नव्हताच. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि त्या, दोघी मिळून दुसऱ्या मजल्यावर गेलो. काका थालीपीठ लावत होते. काकू खिडकीशी खुर्चीत, डाव्या हातानं वहीत काहीतरी लिहित होत्या, सावकाश, अक्षर वाकडं येत होतं. वही हिशेबाची. झटका आल्यावर दोनच महिन्यांनी त्यांनी डाव्या हातानं ती परत सुरू केली होती, काकांना स्वयंपाक दिला पण वही दिली नाही.

आम्ही विचारलं, काकांना सुगरण म्हणलं तर तुम्हाला कसं वाटेल? त्यांचं बोलणं अजून थोडं अडखळतं. म्हणाल्या, “मला चाळीस वर्षं लोक सुगरण म्हणाले. आमटीला म्हणाले. या वहीला कोणी नाही म्हणालं. यांच्या पगारात दोन मुलं शिकली, घर झालं, ते या वहीत झालं.” मग थांबून, “यांना म्हणा की. पण चटणीला म्हणू नका. सहा वर्षं घर चालवलं, त्याला म्हणा.”

काकांनी तव्यावरून मान न वळवताच विचारलं, “अगं, मग तुझं काय?”

“माझा शब्द आहे तो, मी देतेय,” काकू म्हणाल्या. आमच्याबरोबर आलेल्या काकू जिन्यात काहीच बोलल्या नाहीत, खाली पोचल्यावर म्हणाल्या, “ठीक आहे, पण खाली एक ओळ वाढवा.”

ती ओळ आम्ही दोघींनी बसून लिहिली. ‘सौ./श्रीमती’वर नवीन पट्टी चिकटवून ‘श्री.’ केलं, मधला ‘सुगरण’ तसाच ठेवला, आणि खाली हातानं लिहिलं, ‘निगुतीनं घर सांभाळल्याबद्दल’. समारंभात नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेत थोडं हसणं झालंच, पण काका काकूंची व्हीलचेअर ढकलत पुढे आले, प्रमाणपत्र त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवलं, आणि मग हसणं थांबलं.

कॉलेजातल्या मुलीचं समाधान झालं नाही आणि ते बरोबरच होतं. तिनं सांगितलं की शब्द मोठा करायचा असेल तर स्पर्धाही मोठी करा, नुसती ओळ लिहून काय होतं. म्हणून यंदा गुणांची वाटणी तिनंच नव्यानं केली, चवीला निम्मे, बाकीचे निम्मे वाया किती गेलं, गॅस किती वापरला, खर्चाचा हिशेब दिला का आणि ओटा नंतर कोणी पुसला यावर. शेवटच्या मुद्द्यावर बरीच मंडळी मार खाऊन गेली. फॉर्मवर सौ., श्रीमती काहीच छापलं नाही, फक्त ‘नाव’.

एक अडचण मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. यंदा पहिले तीन नंबर आले ते एक आजी, एक नववीतला मुलगा आणि एक नवीन लग्न झालेली मुलगी. तिघांना एकत्र स्टेजवर बोलवायचं तर अनेकवचन काय करायचं, सुगरणी म्हणायचं की आणखी काही? सेक्रेटरी माईक हातात घेऊन क्षणभर अडखळले, माझ्याकडे बघितलं, मी काही खूण करायच्या आत ते म्हणून मोकळे झाले, “आता येतायत आपले तिघं सुगरण!” आणि टाळ्या सुरू झाल्या.